भिडूने एक चौकट उघडली, मधे एक इस्पिक आलं: आता डबलचा अर्थ काय?

पाचोऱ्याची_सून

नमस्कार मंडळी. घरातलं भांडण चव्हाट्यावर आणतेय, पण घरात निवाडा करणारं तिसरं माणूस नाही. नवऱ्याला पत्त्यांतलं ओ की ठो कळत नाही.

मी आणि माझे सासरे (आम्ही त्यांना नाना म्हणतो) दर रविवारी क्लबात जोडीने ब्रिज खेळतो. नाना रेल्वेतून निवृत्त, ते शिकले रेल्वे इन्स्टिट्यूटच्या पंख्याखाली. मी शिकले बीबीओवर (ब्रिज बेस ऑनलाइन, इंटरनेटवरचं ब्रिज). त्यामुळे एकाच टेबलावर समोरासमोर बसून आम्ही दोन वेगळे खेळ खेळतो की काय, अशी शंका येते.

परवाचा डाव. कोणीच व्हल्नरेबल (म्हणजे डाऊन गेल्यावर जास्त दंड बसणारा) नाही. नानांनी १ चौकट उघडली (म्हणजे चौकट हुकूम धरून सात हात करायची बोली), माझ्या उजवीकडच्याने १ इस्पिक. माझा हात:

इस्पिक ८ ६ ३
बदाम राजा गुलाम ७ ४
चौकट राणी ५
किलवर एक्का ९ ६ २

मी डबल म्हटलं. डावीकडचा पास. आणि नाना पण पास! १ इस्पिक डबल, त्यांचे बरोबर सात हात झाले, १६० त्यांना. बाकी बहुतेक टेबलांवर आमच्या बाजूने ४ बदाम, ४२०. नानांकडे होतं: इस्पिक गुलाम ५, बदाम एक्का राणी ६ २, चौकट एक्का राजा ९ ६ ४, किलवर ८ ५.

घरी येऊन कळण्याची भाकरी मोडता मोडता नाना एवढंच म्हणाले, "डबल म्हणजे डबल. तू मारायचं म्हणालीस, मी बसलो." मी म्हटलं, मी तर चार बदाम आहेत एवढंच सांगत होते. आधी ठरलेलं काहीच नव्हतं. मग बरोबर कोण? आणि समोरचा मधे बोलला की नक्की काय काय बदलतं, हे कोणी नीट सांगेल का?

गार्डसाहेब_भुसावळ

नाना बरोबर. विषय संपला.

आता जरा सविस्तर. आम्ही रनिंग रूममध्ये, मेल सुटायला अवकाश असला की बसायचो. तिथे डबल म्हणजे समोरच्याला ठोकायचा. भिडूने ओपन केलं म्हणजे त्याच्याकडे बारा-तेरा पॉइंट (एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १), माझ्याकडे दहा. समोरचा कशाच्या जोरावर बोलून राहिला? ठोका त्याला. आणि नानांच्या हातात इस्पिकची दोनच पानं. ओव्हरकॉल करणाऱ्याकडे, म्हणजे मधे बोललेल्याकडे पाच, नानांकडे दोन, राहिले सहा. त्यातले चार-पाच सूनबाईकडे असतील, असं वाटणारच की हो त्यांना! त्यांनी पानं मोजूनच पास म्हटलं.

बिनहुकुमी (मूळ शिरपूर, सध्या पुणे)

गार्डसाहेब, नमस्कार, पण कडकडीत असहमत.

एकच प्रश्न विचारतो. भिडूने ओपन केलं, उजवीकडच्याने १ इस्पिक म्हटलं, आणि तुमच्या हातात खणखणीत पाच इस्पिक, असं वर्षातून किती वेळा होतं? आणि आठ-दहा पॉइंट, बदामाची चार पानं, इस्पिकमध्ये काहीच नाही, असं किती वेळा? दुसरा प्रकार दर रविवारी येतो. त्या हातावर २ बदाम म्हणता येत नाही, कारण त्याला पाच पानं आणि दहाएक पॉइंट लागतात. १ बिनहुकूम (हुकूम न ठरवता खेळायची बोली) म्हणता येत नाही, कारण इस्पिक अडवायला काही नाही. २ चौकट म्हणायला चौकटीची दोनच पानं. २ किलवरला किलवर चारच. मग काय, दहा पॉइंट घेऊन पास?

हीच अडचण ओळखून अमेरिकेत आल्विन रॉथ आणि टोबायस स्टोन या जोडीने १९५७ मध्ये निगेटिव्ह डबल (ठोकायचा नाही, न बोललेले रंग दाखवून भिडूला बोलायला लावायचा डबल) आणला. त्याच वर्षी रशियाने उपग्रह सोडला होता, म्हणून लोक त्याला स्पुटनिक डबल म्हणायला लागले. म्हणजे हा बीबीओवरच्या पोरांचा चावटपणा नाही, नाना नोकरीला लागायच्या आधीची गोष्ट आहे.

मेंढीकोट_सम्राट

आमच्या मेंढीकोटात भांडण फक्त दश्श्यांवरून होतं. सुखी आहोत.

केळीवाला_रावेर

मले ब्रिजातलं काही समजत नाही भो, पन सासरे आन सून जोडीनं पत्ते खेळतात हे वाचूनच जीव गार झाला. आमच्याकडे सासरे बसले की सून वट्यावर बी येत नाही.

अमळनेरकर

मूळ प्रश्नाचं तांत्रिक उत्तर: काही ठरलेलं नव्हतं, तर बरोबर कोणीच नाही. डबलचा अर्थ जोडी ठरवते, पुस्तक नाही. पण आज कोणत्याही अनोळखी भिडूबरोबर बसलात तर एकच्या पातळीवरचा हा डबल निगेटिव्हच धरला जाईल. तेव्हा कल सूनबाईंकडे.

नानांना तो अर्थ माहीत असता तर बोली सरळ होती. नाना २ बदाम, कारण हात चौदाचाच आहे. सूनबाई ३ बदाम, नाना ४. दोन इस्पिक आणि एक किलवर द्यायचा, बाकी दहा हात आपले. तिसरं इस्पिक नानांच्या हुकमाने मारायचं.

धुळेकरीण

सवडीने लिहिते, कारण सूनबाईंनी दुसरा प्रश्न जास्त चांगला विचारलाय आणि सगळे पहिल्यालाच चिकटलेत.

ओव्हरकॉल आला की जागा जाते, असं सगळे म्हणतात. जाते खरी. १ चौकटीवर तुम्हाला १ बदाम म्हणायचं होतं, ते गेलं. पण त्याच्या बदल्यात काही गोष्टी फुकट मिळतात, तिकडे लक्षच जात नाही. पहिली म्हणजे पास. मधे कोणी बोललं नसतं तर सहा पॉइंटवर तुम्हाला काहीतरी बोलावंच लागलं असतं, नाहीतर भिडू १ चौकटीवर अडकला असता. आता तो अडकत नाही, त्याची पाळी पुन्हा येणारच आहे. म्हणून रड्या सहा पॉइंटवर गप्प बसायचं, आणि जेव्हा बोलाल तेव्हा त्याला वजन असतं. दुसरी म्हणजे डबल. तिसरी, समोरच्याचाच रंग बोलायचा, म्हणजे क्यू बिड.

क्यू बिडबद्दल आपल्याकडे फार कमी लोक बोलतात. समजा भिडूने १ बदाम उघडलं, मधे १ इस्पिक आलं. तुमच्याकडे बदामाची चार पानं आणि अकरा पॉइंट. ३ बदाम म्हणायचं नाही. २ इस्पिक म्हणायचं! त्याचा अर्थ, बदामाला पाठिंबा आहे आणि हात दहा-अकरा किंवा त्याच्या वरचा आहे. मग ३ बदाम ही उडी कशाला ठेवायची? तर चार हुकूम आहेत पण पॉइंट नाहीत, नुसती समोरच्यांची जागा खायची आहे, अशा हाताला. २ बदाम म्हणजे साधा सहा ते नऊचा पाठिंबा, तीन पानांवरही चालतो. हे एकदा ठरलं की ओपनरला लगेच कळतं, भिडूला गेम (४ बदामसारखी मोठी बोली) हवाय की नुसता गोंधळ घालायचाय.

बिनहुकमाचं सोपं आहे: अडवायला पान हवंच. १ बिनहुकूम आठ ते दहा, २ बिनहुकूम अकरा-बारा, ३ म्हणजे त्याच्या वर. एक्का किंवा राजा-दुसरं पान नसताना "बघू, भिडूकडे असेल" म्हणून बिनहुकूम बोलणारे आमच्या धुळ्यात पुष्कळ आहेत. समोरचे पाच हात ओळीने घेतात आणि हे छताकडे बघत बसतात.

आता डबल. १ किलवर, मधे १ चौकट: डबल म्हणजे दोन्ही मोठे रंग, चार-चार. एकच मोठा रंग असेल तर सरळ बोला, तिथे जागा आहे. १ चौकट, मधे १ बदाम: डबल म्हणजे इस्पिकची बरोबर चार पानं. १ इस्पिक बोललात तर पाच. १ चौकट, मधे १ इस्पिक: डबल म्हणजे बदामाची निदान चार. आणि पाच-सहा बदाम असून २ बदाम बोलण्याइतका हात नसेल, तरी आधी डबलच. नंतर स्वस्तात बदाम बोलायचं, भिडूला कळतं.

बिनहुकुमी

वा! एकच भर. पातळी वाढली की पॉइंट वाढवा. एकच्या पातळीला सहा-सात चालतात. समोरच्याने २ इस्पिक म्हटलं तर भिडूला तीनवर जावं लागणार आहे, तिथे आठ-नऊ तरी हवेत. आणि हा डबल कुठपर्यंत निगेटिव्ह, ते आधी ठरवून ठेवा. कोणी २ इस्पिकपर्यंत ठेवतं, कोणी ३ इस्पिक, काही जण ४ बदामपर्यंत.

तापीकाठ

@धुळेकरीण, १ चौकट, १ बदाम, १ इस्पिक याला पाचच पानं? आम्ही तर चारवर पण बोलतो. काय बिघडतं?

धुळेकरीण

बिघडत काही नाही, पण मग तुमचा डबल बेकार बसून राहतो. चार असली की डबल, पाच असली की १ इस्पिक, असं ठेवलं तर तीन पानं असलेल्या भिडूला लगेच कळतं की आठ हुकूम जमले. दोन वेगळ्या बोली फुकट हातात आहेत, तर दोन्हींना काम द्या.

गार्डसाहेब_भुसावळ

बरं, ऐकलं सगळं. आता माझा मुद्दा ऐका. मुद्दाम पानं मांडतो.

इस्पिक एक्का राणी १० ८ ४
बदाम ९ ३
चौकट राजा ६
किलवर १० ७ ५ २

भिडू १ चौकट, उजवीकडचा १ इस्पिक, आणि तो व्हल्नरेबल. मी त्याच्या नंतर बसलोय, त्याचा राजा माझ्या कात्रीत सापडलाय. तुमच्या पद्धतीत मी डबल म्हटलं की भिडू बदामाच्या मागे पळतो. म्हणजे आयती शिकार सोडून द्यायची?

बिनहुकुमी

शिकार सोडायची नाही. पास म्हणायचं आणि चेहरा सरळ ठेवायचा.

गार्डसाहेब_भुसावळ

पास?! आणि डावीकडचा पण पास, भिडू पण पास, तर मी एक्का-राणी घेऊन काय करू, लोणचं घालू?

तापीकाठ

गार्डसाहेब, इथेच तर खरी गंमत आहे. निगेटिव्ह डबल खेळणाऱ्या जोडीत तुमचा पास म्हणजे आउटर सिग्नलला उभी केलेली गाडी. ती परत गेलेली नाही, सिग्नलची वाट बघतेय. सिग्नल द्यायचं काम ओपनरचं. बोली त्याच्यापर्यंत परत आली आणि त्याच्या हातात समोरच्याच्या रंगाचं एखादंच पान किंवा एकही नाही, तर त्याने स्वतःला विचारायचं: उरलेले इस्पिक गेले कुठे? डावीकडच्याने तर पाठिंबा दिला नाही. म्हणजे भिडूकडेच असणार. मग बारा-तेराच्या साध्या हातावरही त्याने डबल म्हणायचं. तो डबल "तू बोल" असा असतो. तुम्ही पास म्हणता, आणि १ इस्पिक डबल तसाच्या तसा तुमच्या ताब्यात. व्हल्नरेबल समोरचा दोन हातांनी डाऊन गेला की ५००. एका हाताने गेला तरी २००, आणि तेही आपल्या साध्या पार्टस्कोअरच्या (गेमपेक्षा लहान बोलीच्या) ११०-१४० पेक्षा जास्त.

सूनबाई, तुम्ही नानांना डबलचा अर्थ पटवाल, पण हे दुसरं अर्धं पटवल्याशिवाय खेळू नका. जी जोडी निगेटिव्ह डबल घेते आणि ओपनर मात्र बोली परत आली की सवयीने पास म्हणतो, ती जोडी गार्डसाहेबांपेक्षा वाईट खेळते.

गार्डसाहेब_भुसावळ

सिग्नलची उपमा दिली म्हणून ऐकून घेतलं. पण भिडूकडे दोन इस्पिक असतील तर? तो पास म्हणेल आणि माझी शिकार बिनडबलची जाईल. ५०० च्या जागी २००.

बिनहुकुमी

जाईल. कधी कधी जाते, ते मान्य. दोन पानं असताना काय करायचं यावर मोठे खेळाडूही एकमेकांशी भांडतात. पण वर्षातून कधीतरी गेलेली ती शिकार आणि दर रविवारी हुकणारा बदामाचा गेम, यांचा हिशेब तुम्हीच करा.

अमळनेरकर

एक गोष्ट कोणीच बोलत नाही. हा सापळ्याचा पास त्याच वेगाने म्हणायला हवा, ज्या वेगाने दोन पॉइंटचा पास म्हणता. अर्धा मिनिट कपाळाला आठ्या घालून, पानं पुढेमागे करून पास म्हटलात, आणि मग भिडूने डबल केला, तर समोरचा डायरेक्टरला (पंचाला) बोलावणारच, आणि त्याचं चूक नसेल. नियम १६ आणि ७३ त्यासाठीच आहेत. भिडूच्या थांबण्यावरून, सुस्काऱ्यावरून कळलेली माहिती वापरायची नाही. गावच्या क्लबात "चालतंय हो" म्हणून सोडतात आणि मग बाहेर स्पर्धेला गेलं की तोंड वाजतं.

बाजूला बिडिंग बॉक्स असेल तर अजून एक. डबलचं लाल कार्ड आपटून टाकलं की दंडाचा आणि हळूच ठेवलं की निगेटिव्ह, असली बोली मी डोळ्यांनी पाहिली आहे. करू नका.

मेंढीकोट_सम्राट

म्हणजे आपटलेल्या डबलवर नाना बसले असं समजायचं का? सूनबाई, खरं सांगा, कार्ड कसं ठेवलंत?

पाचोऱ्याची_सून

@मेंढीकोट_सम्राट, ठेवलं हो सासऱ्यांसमोर सून ठेवते तसंच! 😄

केळीवाला_रावेर

एक विचारतो. हे इतकं सगळं डोक्यात ठेवून उन्हाळ्यात खेळता कसे तुम्ही? मे महिन्यात भुसावळात पंचेचाळीस डिग्रीत मले सोताचं नाव आठवत नाही.

गार्डसाहेब_भुसावळ

म्हणूनच तर पत्ते, भो. दुपारी बारा ते पाच बाहेर पडता येत नाही, कूलरसमोर चार माणसं बसली की वेळ जातो. आमच्याकडे चांगले खेळाडू उन्हाने घडवले. हिवाळ्यात मात्र टेबल मोडतं, सगळे शेतावर भरीत पार्टीला पळतात.

धुळेकरीण

भरीत पार्टीत पण कॅट निघतोच की. काड्यांवर वांगी भाजेपर्यंत दोन-तीन डाव होतात, फक्त पानांना तेलाचे डाग पडतात आणि मग इस्पिकचा एक्का पाठीमागूनही ओळखू येतो.

तापीकाठ

त्यावरून आठवलं. आमच्या घरी पत्ते म्हणजे "कुटायची" वस्तू. "काय पत्ते कुटत बसलाय" हे वाक्य ऐकतच मोठे झालो. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई खेळांत ब्रिज पहिल्यांदा आलं आणि प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने सुवर्णपदक आणलं. एक साठ वर्षांचे, दुसरे छप्पन. वडिलांनी टीव्हीवर ती बातमी पूर्ण ऐकली, आवाज बारीक केला आणि म्हणाले, "यांना पगार कोण देतं?"

अमळनेरकर

😂 पदकं तीन होती बरं का. पुरुष संघाला आणि मिश्र संघाला ब्राँझ. पण वडिलांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

बिनहुकुमी

धागा भरकटला. सूनबाई, नानांशी बोलणं झालं का?

पाचोऱ्याची_सून

झालं. मोबाईल त्यांच्या हातातच दिला. चष्मा लावून सगळा धागा वाचला. गार्डसाहेबांच्या प्रत्येक प्रतिसादाला "बरोब्बर" म्हणाले. तापीकाठ यांच्या आउटर सिग्नलवर मात्र बराच वेळ थांबले आणि मग कागद-पेन मागितलं.

करार असा झालाय (नानांच्याच अक्षरात फ्रिजवर लावलाय). २ इस्पिकपर्यंत निगेटिव्ह डबल, त्याच्या वर दंडाचा. समोरच्याच्या रंगात एक पान किंवा कोरा असेल तर ओपनर पुन्हा डबल म्हणणार. दोन पानं असतील तर "माझ्या मर्जीने", असं नानांनी खाली रेघ मारून लिहिलंय. क्यू बिड त्यांना फार आवडली. म्हणतात, समोरच्याचाच रंग बोलून त्याला गप्प करायचं हे आम्हाला तेव्हा कोणी शिकवलंच नाही.

पण लगेच दुसरं भांडण उभं राहिलं. आज संध्याकाळी घरीच चौघं बसलो होतो. नाना १ किलवर, उजवीकडून उडी मारून २ चौकट, कमजोर हाताची. माझ्याकडे:

इस्पिक राजा राणी ९ ५ २
बदाम राजा ८ ४ ३
चौकट ७
किलवर गुलाम ६ ४

मी डबल म्हटलं. नाना म्हणतात पाच इस्पिक असताना २ इस्पिकच बोलायचं, "एवढं शिकवलं आणि आता सगळीकडे डबलच का?"

धुळेकरीण

डबल. २ इस्पिक बोललात तर ते भिडूला बांधून घालतं, त्याला दहा तरी हवेत, आणि बदामाची चार पानं कायमची हरवतात. डबलवर नाना २ बदाम म्हणोत की २ इस्पिक, तुम्ही खूश. ३ किलवर म्हणाले तर पास, तीन पानं आहेत, चालतंय.

अमळनेरकर

मी यावेळी नानांकडे. नऊ पॉइंट आहेत पण चौकटीचं एकच पान आहे, हात नऊपेक्षा मोठा आहे. २ इस्पिक. डबल केलात आणि डावीकडच्याने ३ चौकट किंवा ४ चौकट म्हटलं, तर पाचवं इस्पिक सांगायला तुम्हाला जागा उरणार नाही. कमजोर उडीवर पाठिंबा येतोच.

बिनहुकुमी

डबल. ४ चौकटवर भिडूकडे चार इस्पिक असतील तर तो स्वतःच बोलेल, तुम्ही दोन्ही मोठे रंग दाखवलेले आहेत.

अमळनेरकर

आणि तीनच असतील तर? पाच-तीनचा जमलेला रंग तसाच राहिला.

गार्डसाहेब_भुसावळ

२ इस्पिक. आणि नानांना सांगा, भुसावळला आले की घरी या. चौथा माणूस मिळत नाहीये, सूनबाईंना पण आणा. तुमच्या त्या लाल कार्डाचा अर्थ मला समोरासमोर बसून बघायचाय.

पाचोऱ्याची_सून

नाना म्हणतात येतो, पण त्यांना तुमचे भिडू व्हायचंय. म्हणजे माझ्या समोर कोण बसणार?

मेंढीकोट_सम्राट

मी येतो. १ चौकट म्हणजे नक्की किती पानं, तेवढं आधी व्हॉट्सॲपवर पाठवा.